उघडे दार आणि आत न जाण्याचा नियम : 'योंगाला' या बुडालेल्या जहाजावरील स्कूबा डायव्हिंग

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा की तुम्ही समुद्राखाली पंचवीस मीटरवर आहात. समोर शंभर मीटरहून लांब असे एक पोलादी जहाज कुशीवर कललेले आहे. त्याच्या अंगावर पिवळ्या-जांभळ्या मऊ प्रवाळांची झुडपे उगवली आहेत आणि चकाकणाऱ्या लहान माशांचा थवा एखाद्या पडद्यासारखा हलतो आहे. तुमच्यापासून हातभर अंतरावर जहाजाचे एक दार सताड उघडे आहे. आत अंधार आहे. कोणाही माणसाला आत डोकवावेसे वाटेल. तरीही नियम असा की आत जायचे नाही. हात घालायचा नाही आणि काही उचलायचेही नाही.

हे जहाज म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्याजवळचे 'एस. एस. योंगाला'. जगातील सर्वांत समृद्ध सागरी जीवन असलेल्या बुडालेल्या जहाजांत त्याची गणना होते. वर सांगितलेला साधा नियम नीट समजून घ्यायचा तर भौतिकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि इतिहास या सगळ्यांची मदत लागते. प्रस्तुत पाठात आपण तेच करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :

- खोलीनुसार दाब, हवेचा वापर आणि नायट्रोजनचे शोषण कसे बदलते;
- बुडालेल्या जहाजावर जीवसृष्टी कोणत्या क्रमाने वस्ती करते;
- समुद्रात लोखंड कसे गंजते आणि सजीवांचे कवच त्याला कसे वाचवते;
- बुडालेल्या जहाजाच्या आत जाण्यास बंदी का घालतात.

१. योंगाला : जहाज आणि दुर्घटना

योंगाला हे प्रवासी व मालवाहू वाफेचे जहाज १९०३ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे बांधले गेले. ते ॲडलेड स्टीमशिप कंपनीच्या मालकीचे होते आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील बंदरांमध्ये ये-जा करीत असे. २३ मार्च १९११ रोजी दुपारी ते मॅकाय बंदरातून टाउन्सव्हिलकडे निघाले. ते निघून गेल्यावर थोड्याच वेळात चक्रीवादळाचा इशारा मॅकायला पोहोचला. पण जहाजावर बिनतारी संदेशयंत्र नव्हते आणि इशारा त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचा मार्ग उरला नव्हता. संध्याकाळी एका दीपगृहाच्या रखवालदाराने ते जाताना पाहिले. ते त्याचे शेवटचे दर्शन ठरले.

जहाजावरील १२२ जणांपैकी कोणीही वाचले नाही. किनाऱ्यावर टपालाच्या थैल्या आणि मालाचे काही तुकडे लागले. 'मूनशाइन' नावाच्या शर्यतीच्या घोडीचा मृतदेहही वाहून आला. माणसांपैकी मात्र एकाचाही देह मिळाला नाही. जहाज नेमके कोठे बुडाले हे पुढे सुमारे अर्धशतक कोणाला ठाऊक नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरुंग काढणाऱ्या एका जहाजाला त्या भागात तळाशी अडथळा जाणवला होता. प्रत्यक्ष पाणबुडे तेथे उतरले ते १९५८ साली. वर काढलेल्या एका तिजोरीवरचा क्रमांक चब या इंग्लिश कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर हे जहाज योंगालाच असल्याची खात्री पटली.

आज योंगाला टाउन्सव्हिलच्या आग्नेयेस, केप बोलिंग ग्रीन या भूशिरापासून सुमारे २२ किलोमीटर दूर, उजव्या कुशीवर कललेले आहे. तळ सुमारे ३० मीटरवर आहे आणि जहाजाचा सर्वांत वरचा भाग सुमारे १६ मीटरवर. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढच्या विवेचनात ते पुन्हा पुन्हा लागतील.

२. तीस मीटर खाली शरीराचे काय होते?

२.१ दाब आणि हवेचा हिशेब

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा सुमारे १ बार दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी सुमारे १ बारची भर पडते. म्हणजे ३० मीटरवर एकूण दाब ४ बार होतो. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम आठवा : तापमान स्थिर असताना वायूचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार स्थिर राहतो. दाब चौपट झाला की तेवढीच हवा पाव जागेत मावते.

स्कूबा उपकरणातील रेग्युलेटर डायव्हरला नेहमी भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा देतो. तसे नसते तर छातीवरील पाण्याच्या भारामुळे श्वास आत घेताच आला नसता. पण याची किंमत मोजावी लागते. ३० मीटरवरच्या प्रत्येक श्वासात पृष्ठभागावरच्या चार श्वासांइतकी हवा खर्च होते.

एक उदाहरण सोडवू. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली आहे, म्हणजे पृष्ठभागाच्या दाबाला २४०० लिटर हवा. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव ठेवायची. वापरायला उरली १८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरू.

| खोली | एकूण दाब | दर मिनिटाची हवा | पुरण्याचा काळ |
|---|---|---|---|
| पृष्ठभाग | १ बार | २० लिटर | ९० मिनिटे |
| १० मीटर | २ बार | ४० लिटर | ४५ मिनिटे |
| २० मीटर | ३ बार | ६० लिटर | ३० मिनिटे |
| ३० मीटर | ४ बार | ८० लिटर | सुमारे २२ मिनिटे |

घाबरलेला किंवा प्रवाहाशी झगडणारा डायव्हर मिनिटाला २० लिटरपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो. योंगालावर प्रवाह बहुधा जोराचा असतो. म्हणून तेथे बोयापासून खाली जाणाऱ्या दोराच्या आधाराने उतरतात आणि जहाजाच्या आडोशाने हळूहळू पुढे सरकतात.

२.२ नायट्रोजनची मर्यादा

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाब वाढला की तो रक्तात व ऊतींत जास्त विरघळतो. डायव्हर झपाट्याने वर आला तर सोडा बाटलीचे झाकण उघडल्यावर दिसतात तसे बुडबुडे शरीरात तयार होतात. त्यामुळे सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. हाच विसंपीडन विकार. तो टाळण्यासाठी प्रत्येक खोलीवर किती वेळ थांबावे याचे तक्ते असतात. मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगमधील एका प्रचलित तक्त्यानुसार ही मर्यादा १८ मीटरवर ५६ मिनिटे, तर ३० मीटरवर अवघी २० मिनिटे आहे. वर येतानाही घाई चालत नाही. शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटे थांबण्याची पद्धत आहे.

शिवाय साधारण ३० मीटरच्या सुमारास नायट्रोजनची गुंगी जाणवू लागते. निर्णय मंदावतात आणि विनाकारण आत्मविश्वास वाढतो. उघडे दार खुणावत असताना नेमकी विवेकबुद्धीच सैल पडते, हे ध्यानात घ्या.

२.३ डोक्यावर छप्पर आले की काय बदलते?

खुल्या पाण्यात काही बिघाड झाला तर डायव्हरला एक वाट कायम मोकळी असते : वर. जहाजाच्या आत ही वाट बंद होते. पायातल्या फिनचा एक फटका बसला की वर्षानुवर्षे साठलेला बारीक गाळ उठतो आणि काही सेकंदांत हातही दिसेनासा होतो. म्हणून बंदिस्त जागेत शिरणारे प्रशिक्षित डायव्हर तृतीयांशाचा नियम पाळतात : एक तृतीयांश हवा आत जायला, एक तृतीयांश परतायला आणि एक तृतीयांश संकटासाठी. आपल्या २४०० लिटरच्या टाकीत आत जाण्यासाठी ८०० लिटर येतात. ३० मीटरवर त्यांचा अर्थ केवळ १० मिनिटे.

प्राथमिक 'ओपन वॉटर' प्रशिक्षण घेतलेल्याची मर्यादा १८ मीटर असते. असा डायव्हर योंगालाचा फक्त वरचा भाग पाहू शकतो. तळाकडे जायचे तर पुढचे प्रशिक्षण लागते. जहाजाच्या आत जाण्याचे प्रशिक्षण तर याहून वेगळेच असते.

३. पोलादाचा प्रवाळखडक कसा होतो?

३.१ वाळवंटातले एकमेव झाड

योंगालाभोवतीचा तळ वाळूचा आणि सपाट आहे. वाळूत प्रवाळ रुजत नाहीत, कारण त्यांच्या अळ्यांना बसायला कठीण, न हलणारा आधार लागतो. अशा ठिकाणी शंभर मीटरहून लांब पोलादी जहाज येऊन पडणे म्हणजे वाळवंटात एक डेरेदार झाड उभे राहण्यासारखे आहे. दूरवरचे पक्षी ज्याप्रमाणे त्या झाडावर येतात, त्याप्रमाणे आसपासचे मासे येथे गोळा होतात. भर म्हणून प्रवाह सतत प्लवक वाहून आणतो. एका जागी चिकटून राहणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने हे अन्न दारात येण्यासारखेच आहे.

३.२ वस्तीचा क्रम

पर्यावरणशास्त्रात तुम्ही अनुक्रमण शिकला असाल. बुडालेल्या जहाजावर ते अगदी स्पष्ट दिसते.

1. पहिल्या काही तासांत व दिवसांत पोलादावर जिवाणूंचा चिकट थर बसतो.
2. त्यावर शैवाले, बार्नेकल, नळीत राहणारे कृमी येतात.
3. पुढे कालवे, स्पंज, हायड्रॉइड यांची गर्दी होते. चुनखडी साठवणारी तांबडी शैवाले थर पक्का करतात.
4. मग मऊ प्रवाळ, समुद्रपंखे आणि कठीण प्रवाळ वाढतात.
5. या सगळ्यांच्या सांदीकोपऱ्यांत लहान मासे, कोळंबी व खेकडे लपतात आणि त्यांच्यामागे मोठे शिकारी येतात.

आज योंगालावर ट्रेव्हॅली आणि बॅराकुडा यांचे थवे, समुद्री कासवे, मोठमोठी पाकटे व ऑलिव्ह जातीचे समुद्रसाप दिसतात. सर्वांत लक्षात राहतो तो महाकाय ग्रूपर. कोकणात याच्या भाऊबंदांना हेकरू किंवा गोबरा म्हणतात. पण हा मासा पूर्ण वाढला की माणसाहून लांब होतो. तो अनेकदा जहाजाच्या छायेत स्थिर राहिलेला दिसतो.

एवढ्या खोलीवर सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पोहोचत नाही. सगळे निळसर-राखाडी भासते. विजेरीचा झोत टाकल्याबरोबर तोच भाग लाल, नारिंगी, पिवळा होऊन उठतो.

३.३ एक वादाचा मुद्दा

बुडालेले जहाज मासे वाढवते की फक्त एका जागी गोळा करते? सागरी जीवशास्त्रात हा जुना वाद आहे. मासे केवळ गोळा होत असतील आणि तेथे मासेमारी मोकळी असेल, तर जहाज उपकारक न ठरता सापळा ठरते. उलट मासेमारी बंद असेल, लपायला व अंडी घालायला जागा असेल, तर नव्या पिढ्याही वाढू शकतात. योंगालाच्या संरक्षित क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे. या एका निर्णयाने वादाचे उत्तर कोणत्या बाजूला झुकेल, हे बऱ्याच अंशी ठरते.

४. गंज, कवच आणि बुडबुडा

आता पाठाच्या गाभ्याकडे येऊ. वर पाहिलेली सगळी वस्ती पोलादावर उभी आहे आणि ते पोलाद रोज थोडे थोडे संपते आहे.

गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतो. पाण्यातला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. समुद्राचे पाणी खारट, म्हणजे विजेचे चांगले वाहक, असल्याने ही देवाणघेवाण सहज चालते. समुद्रातील लोखंडी जहाजांसाठी दीर्घकाळाची सरासरी वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर अशी धरतात. आकडा किरकोळ वाटतो, पण शंभर वर्षांत तो १० मिलिमीटर होतो. त्या काळच्या जहाजांचे पत्रे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जाडीचे असत. आता हिशेब तुम्हीच करा.

तरीही योंगालाचा आकार अजून ओळखू येतो. याचे मोठे श्रेय त्याच्या अंगावरच्या सजीवांना जाते. कालवे, शैवाले व प्रवाळ यांचे चुनखडीचे थर आणि गंजाची उत्पादने मिळून पोलादावर एक कठीण कवच तयार होते. या कवचामुळे ऑक्सिजन धातूपर्यंत सहज पोहोचत नाही आणि गंजण्याचा वेग मंदावतो. म्हणजे नाते दुहेरी आहे : जहाज जीवसृष्टीला आधार देते आणि जीवसृष्टी जहाजाला पांघरूण घालते.

कवच फुटले की काय होते? उघडा पडलेला धातू पुन्हा वेगाने गंजू लागतो. नौकेचा लंगर, दोराचा घास किंवा डायव्हरने आधारासाठी धरलेला कठडा, अशी लहान कारणेही त्याला पुरतात. निसर्गही मोठे घाव घालतो. २०११ साली यासी या चक्रीवादळाने योंगालावरची बरीच प्रवाळवाढ खरवडून काढली. चक्रीवादळात जहाज बुडाले त्यालाही त्याच वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली होती. वादळ आपल्याला थांबवता येत नाही. लंगर थांबवता येतो. म्हणून तेथे लंगर टाकण्यास मनाई असून नौका ठरावीक बोयांना बांधतात.

सर्वांत कमी लक्षात येणारा शत्रू म्हणजे डायव्हरचा उच्छ्वास. खुल्या पाण्यात सोडलेले बुडबुडे वर निघून जातात. जहाजाच्या आत मात्र ते छताला अडकतात आणि हवेचा कप्पा तयार होतो. एक लिटर समुद्रपाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम पाच मिलिलिटर भरतो. आपण सोडलेल्या एक लिटर हवेत मात्र तो दीडशे मिलिलिटरहून अधिक असतो. म्हणजे आतले छत ओल्या, खारट, ऑक्सिजनने भरलेल्या हवेला सामोरे जाते. गंजण्यासाठी याहून सोयीची परिस्थिती नाही. शिवाय त्या जागी चिकटलेले प्राणी पाण्याविना मरतात व कवच सैल होते. एका डायव्हरने फारसे बिघडणार नाही, पण वर्षानुवर्षे रोज येणाऱ्या शेकडो डायव्हरांनी नक्की बिघडेल.

५. एक नियम, चार कारणे

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर जुळवता येईल. उघड्या दारातून आत का जायचे नाही?

- तुमच्यासाठी : छपराखाली थेट वर येण्याची वाट नसते, हवा, वेळ आणि विवेक तिन्ही मर्यादित असतात.
- जीवसृष्टीसाठी : धक्क्याने आणि अडकलेल्या हवेने चिकटलेले प्राणी मरतात.
- जहाजासाठी : बुडबुड्यांतील ऑक्सिजन पोलाद आतून खातो.
- मृतांसाठी : आत मानवी अवशेष आहेत. ज्यांना कधी अंत्यसंस्कार मिळाले नाहीत, अशांची ती दफनभूमी आहे.

योंगालाला १९८१ पासून ऑस्ट्रेलियाच्या ऐतिहासिक जहाजांच्या कायद्याचे संरक्षण आहे. आज ते २०१८ च्या जलमग्न सांस्कृतिक वारसा कायद्याखाली येते. संरक्षित क्षेत्रात परवान्याशिवाय प्रवेश नाही. जहाजात शिरणे आणि वस्तू हलवणे हा गुन्हा आहे.

असे नियम नसले तर काय घडते, हे तांबड्या समुद्रातील 'थिसलगॉर्म' या जहाजावरून कळते. दुसऱ्या महायुद्धात, ऑक्टोबर १९४१ मध्ये, जर्मन विमानांनी ते इजिप्तजवळ बुडवले. त्याच्या पोटात लष्करी ट्रक आणि मोटारसायकली रांगेत उभ्या आहेत. डायव्हर आत जाऊन त्या पाहतात. पण अनेक वर्षांत मोटारसायकलींचे सुटे भाग आठवण म्हणून नेले गेले आणि नौकांच्या दोरांनी व लंगरांनी जहाजाची मोडतोड झाली. प्रत्येकाने एकच छोटी वस्तू नेली असेल, पण परिणाम सगळ्यांचा मिळून झाला.

६. आपल्याकडचे संदर्भ

हा विषय भारतीय विद्यार्थ्याला परका नाही. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याजवळच्या सुंची रीफवर सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. त्यांत तोफांबरोबर हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही मिळाले. पाण्याखालची वस्तू जागेवर, नोंदीसह अभ्यासली तर व्यापाराचा इतिहास कसा उलगडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. तीच वस्तू कोणी खिशात घालून नेली असती तर ती केवळ शोभेची ठरली असती.

दुसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. नौदलातून निवृत्त झालेले 'आयएनएस गुलदार' हे जहाज सिंधुदुर्गातील निवती रॉक्सजवळ बुडवून पाण्याखालचे संग्रहालय व कृत्रिम प्रवाळखडक उभारण्याची महाराष्ट्राची योजना आहे. अशा जहाजातून तेल, रंग, विषारी पदार्थ आधी काढून टाकावे लागतात. ते कोणाची कबर नसते. म्हणून चौथे कारण तेथे लागू होत नाही. पण पहिली तीन कारणे जशीच्या तशी लागू होतात.

मालवण, अंदमान, लक्षद्वीप किंवा पुदुच्चेरी येथे तुम्ही डायव्हिंगला गेलात तर हे लक्षात ठेवा : भारतात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने संरक्षण दिले आहे. तुटलेला तुकडाही घरी आणू नका.

सारांश

बुडालेले जहाज एकाच वेळी अपघाताची खूण, सजीवांचे घर आणि गंजत चाललेले पोलाद असते. दाबाच्या नियमांमुळे तेथील आपला वेळ वीस-तीस मिनिटांचा असतो. अनुक्रमणामुळे पोलादाचा प्रवाळखडक होतो आणि सजीवांचे कवच त्या पोलादाचे आयुष्य वाढवते. कवच तुटले किंवा आत हवा साठली की ते आयुष्य घटते. योंगाला एके दिवशी कोसळणारच आहे. तो दिवस किती लांबवायचा, एवढे मात्र आपल्या हातात आहे. त्यासाठी तेथे जाणाऱ्याने बाहेरून पाहावे आणि हात आखडून ठेवावेत.

स्वाध्याय

1. १० लिटरची टाकी २०० बारपर्यंत भरली आहे. ५० बार राखीव ठेवून, मिनिटाला २० लिटर या दराने, १६ मीटरवर हवा किती वेळ पुरेल?
2. सपाट वाळूच्या तळावर बुडालेल्या जहाजावर जीवसृष्टी अधिक का एकवटते? दोन कारणे लिहा.
3. 'जहाज जीवसृष्टीला वाचवते आणि जीवसृष्टी जहाजाला' हे विधान गंजण्याच्या क्रियेच्या आधारे स्पष्ट करा.
4. योंगाला आणि मुद्दाम बुडवलेले जहाज यांच्यासाठी डायव्हरांचे नियम सारखेच असावेत का? तुमचे मत कारणांसह मांडा.